मधुमेहामुळे पडद्याला आलेली सूज : ओसीटीचे आकडे पाहून इंजेक्शनांची तुलना करता येते का?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

माझ्या आईचे वय 63 असून तिला बरीच वर्षे मधुमेह आहे. उजव्या डोळ्याच्या पडद्याला, नेमकी मध्यभागीच, सूज आल्यामुळे सांगलीत तिला डोळ्यात बेव्हासिझुमॅब या सूज उतरवणाऱ्या औषधाची इंजेक्शने सुरू झाली. आरंभीच्या ओसीटीत (पडद्याची जाडी मोजणारी तपासणी) मध्यभागाची जाडी 468 मायक्रॉन होती, ती उतरून 389 झाली. त्यानंतर आई पुण्यात माझ्याकडे राहायला आली, तेव्हा इथल्या पडद्याच्या डॉक्टरांनी पुन्हा ओसीटी केली आणि तीत 402 हा आकडा आला. दृष्टी आधी 6/24 होती, आता 6/18 आहे.

पुण्याच्या डॉक्टरांचे मत असे की आता अफ्लिबरसेप्ट या दुसऱ्या इंजेक्शनाकडे वळावे. सांगलीचे डॉक्टर म्हणतात की आहे तेच औषध आणखी काही काळ चालू ठेवावे. दोन्ही औषधांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझ्या भावाने मात्र 389 चे 402 झालेले पाहून "जुने औषध निकामी ठरले" असा निकाल देऊन टाकला आहे. अशा आकड्यांवरून दोन औषधांची तुलना खरोखर करता येते का, आणि करायची झाल्यास या कागदांवर नेमके काय पाहावे, हे मला समजून घ्यायचे आहे. निर्णय डॉक्टरच घेतील. त्यांच्यासमोर मिळणाऱ्या पाच मिनिटांत योग्य प्रश्न विचारता यावेत, एवढाच हेतू आहे.

रात्रपाळी

दोन्ही कागदांवर वरच्या कोपऱ्यात यंत्राचे नाव छापलेले असते. ते आधी पाहून इथे लिहावे.

कृष्णाकाठ

सांगलीच्या कागदावर सिरस असे आहे आणि पुण्याच्या कागदावर स्पेक्ट्रालिस. त्याने फरक पडतो का?

पडदानशीन

फरक पडतो, आणि आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे. (सदस्यनाम पाहून गैरसमज नको, मी पडद्याचाच डॉक्टर आहे.)

ओसीटीचे यंत्र पडद्याचा उभा छेद दाखवते आणि त्याच्या वरच्या व खालच्या सीमारेषा स्वतःच आखून मधले अंतर मोजते. वरची रेषा सर्व यंत्रांत जवळजवळ एकच असते, पण खालची रेषा कोठे धरायची हे प्रत्येक कंपनीने आपापले ठरवले आहे. सिरस ती रंगद्रव्य पेशींच्या थराशी धरते, तर स्पेक्ट्रालिस त्याही खालच्या ब्रुक पटलापर्यंत जाते. एकाने खोलीची उंची फरशीपासून मोजावी आणि दुसऱ्याने फरशीखालच्या कोब्यापासून, तसे हे आहे. खोली तीच असते. अमेरिकेतील डीआरसीआर या संशोधन जाळ्याने म्हणूनच "मध्यभागी सूज आहे" असे म्हणण्यासाठी यंत्रागणिक वेगळ्या मर्यादा ठरवल्या. सिरसवर स्त्रियांसाठी 290 व पुरुषांसाठी 305 मायक्रॉन, आणि स्पेक्ट्रालिसवर त्याच 305 व 320. म्हणजे दोन यंत्रांत साधारण 15 मायक्रॉनांचे अंतर गृहीतच धरलेले आहे. आपल्या आईच्या 389 आणि 402 मध्ये 13 चे अंतर आहे.

शिवाय त्याच संस्थेच्या उपचार-नियमांत जाडी 10 टक्क्यांनी बदलल्याखेरीज तो बदल "सुधारणा" किंवा "बिघाड" म्हणून धरत नाहीत. 389 चे 10 टक्के 39 होतात. त्यामुळे बंधुराजांचा निकाल तूर्तास स्थगित ठेवावा.

ओसाडगावचा_पाटील

आमच्या घरात वडिलांच्या ओसीटीचा आकडा आल्यावर तो सर्वांत आधी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहावर जातो, तिथे त्यावर चर्चा होते, काका त्यावर होमिओपॅथी सुचवतात, आणि शेवटी डॉक्टरांना कळवले जाते. यंत्राचे नाव आजवर एकानेही विचारलेले नाही. आज रात्री विचारतो आणि समूहातून बाहेर काढला जातो.

हिशेबनीस

यंत्राचा मुद्दा मान्य आहे, पण मूळ प्रश्न औषधांच्या तुलनेचा आहे आणि ती तुलना जगात झालेली आहे. डीआरसीआरच्या "प्रोटोकॉल टी" चाचणीत 660 रुग्णांना तीन गटांत वाटून अफ्लिबरसेप्ट (2 मिलिग्रॅम), बेव्हासिझुमॅब (1.25 मिलिग्रॅम) आणि रॅनिबिझुमॅब (0.3 मिलिग्रॅम) दिले होते. 2015 साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका वर्षात मध्यभागाची जाडी सरासरीने अनुक्रमे 169, 101 आणि 147 मायक्रॉनांनी घटली. आकडे बोलके आहेत. ज्याला परवडते त्याने स्वस्तातल्या औषधात वेळ का घालवावा, हे मला कळत नाही. पडद्याला सूज जितकी जास्त काळ राहील, तितके पेशींचे नुकसान वाढणारच.

निळीशाई

हिशेबनीस, आपण जाडीचे आकडे दिलेत, पण रुग्ण जाडीने वाचत नाही. त्याच चाचणीत दृष्टीचे काय झाले, तेही लिहायला हवे होते.

सुरुवातीची दृष्टी 20/32 ते 20/40, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत 6/12 पर्यंत, असलेल्या रुग्णांत वर्षाअखेरीस तक्त्यावरील अक्षरांची वाढ अफ्लिबरसेप्टने 8.0, बेव्हासिझुमॅबने 7.5 आणि रॅनिबिझुमॅबने 8.3 अशी झाली. म्हणजे तिघांत फरक नाही. याच रुग्णांची जाडी मात्र अनुक्रमे 129, 67 आणि 119 मायक्रॉनांनी घटली होती. ओसीटीच्या कागदावर बेव्हासिझुमॅब निम्म्याने मागे पडलेले दिसते, पण तक्त्यासमोर बसवल्यावर तिन्ही गट सारखेच वाचतात. केवळ आकडा पाहून औषधाला "निकामी" ठरवणाऱ्यांनी हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पडदानशीन

निळीशाई यांचे म्हणणे बरोबर आहे, परंतु ते अर्धेच आहे आणि उरलेला अर्धा भाग नेमका धागाकर्तीच्या आईला लागू होतो. ज्यांची दृष्टी आरंभी 20/50 किंवा त्याहून कमी होती (6/15 किंवा त्याहून कमी, आपल्या आईची 6/24 होती), त्यांच्यात एका वर्षात अफ्लिबरसेप्टने 18.9 अक्षरे, बेव्हासिझुमॅबने 11.8 आणि रॅनिबिझुमॅबने 14.2 अक्षरे मिळवून दिली. तक्त्याच्या एका ओळीत पाच अक्षरे असतात, म्हणजे पहिल्या दोन औषधांतले अंतर एका ओळीहून जास्त आहे. दुसऱ्या वर्षाअखेरीस अफ्लिबरसेप्ट व रॅनिबिझुमॅब यांतला फरक ओसरला, पण बेव्हासिझुमॅबच्या तुलनेत अफ्लिबरसेप्टची आघाडी टिकून राहिली.

म्हणून "कोणते इंजेक्शन चांगले" या प्रश्नाआधी "आरंभी दृष्टी किती होती" हे विचारावे लागते. ओसीटीचा आकडा या प्रश्नानंतर येतो. भारतात रॅनिबिझुमॅब 0.5 मिलिग्रॅमच्या मात्रेत देतात, हेही ही तुलना वाचताना ध्यानात असू द्यावे.

एडिसनवासी

अमेरिकेत याच मुद्द्यावर विमा कंपन्या आणि डॉक्टर यांच्यात कायम रस्सीखेच चालते. 2015 च्या सुमारास इथे अफ्लिबरसेप्टच्या एका मात्रेची किंमत सुमारे 1,850 डॉलर होती आणि बेव्हासिझुमॅबची 60 डॉलरच्या आसपास. त्यामुळे अनेक विमा योजना आधी स्वस्त औषध द्यायला लावतात आणि ते अपुरे पडले तरच महागड्याला मंजुरी देतात. माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत हेच झाले, आणि तेव्हा आम्ही खूप चिडलो होतो.

पुढे 2022 मध्ये डीआरसीआरच्याच "प्रोटोकॉल एसी" चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात 20/50 किंवा त्याहून कमी दृष्टीच्या 312 डोळ्यांपैकी एका गटाला थेट अफ्लिबरसेप्ट दिले. दुसऱ्या गटाला बेव्हासिझुमॅबने सुरुवात करून, 12 आठवड्यांनंतर ठरलेल्या निकषांनुसार सुधारणा अपुरी वाटल्यास अफ्लिबरसेप्टवर नेले. दोन वर्षांतील सरासरी वाढ पहिल्या गटात 15.0 आणि दुसऱ्या गटात 14.0 अक्षरे होती. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक नगण्य ठरला.

हिशेबनीस

त्याच चाचणीत स्वस्त औषधाने सुरुवात केलेल्यांपैकी 70 टक्के डोळ्यांना दोन वर्षांत औषध बदलावे लागले, हे आपण लिहिले नाही. म्हणजे दहांतल्या सात जणांना शेवटी महागडे औषध घ्यावेच लागले.

निळीशाई

आणि दहांतल्या तिघांना घ्यावे लागले नाही. महिन्याच्या पगारातून दर खेपेला इंजेक्शनाचे पैसे वेगळे काढणाऱ्या घराला हा आकडा लहान वाटत नाही. शिवाय उरलेल्या सातांचेही वेळेवर औषध बदलल्यामुळे नुकसान झाले नाही. यातला "वेळेवर" हा शब्द महत्त्वाचा आहे, हे मला मान्य आहे. आपल्याकडे रुग्ण दर महिन्याला तपासणीला येतोच असे नाही, आणि आला नाही तर औषध अपुरे पडते आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

लेस्टरकर

ब्रिटनमध्ये तर हा आकडा दारावरच उभा असतो. सरकारी आरोग्यसेवेतून मधुमेही सुजेसाठी रॅनिबिझुमॅब (2013), अफ्लिबरसेप्ट (2015) आणि फॅरिसिमॅब (2022) यांना नाइस या औषधांचे मूल्यमापन करणाऱ्या संस्थेने मान्यता दिली, ती उपचार सुरू करताना मध्यभागाची जाडी 400 मायक्रॉन किंवा त्याहून अधिक असेल तर, या अटीवर. वरची यंत्रांची चर्चा वाचल्यावर मनात आले की एखाद्याची जाडी एका यंत्रावर 392 आणि दुसऱ्यावर 407 भरत असेल, तर त्याचे इंजेक्शन तो कोणत्या रुग्णालयात गेला यावर ठरणार.

ओसाडगावचा_पाटील

म्हणजे तिकडे पडद्याला सूज कमी आली म्हणून हळहळणारे रुग्णही असतील.

डबा_उघडून_पाहा

थोडे अवांतर, पण विषयाला धरूनच आहे. बेव्हासिझुमॅब हे मुळात कर्करोगाचे औषध असून त्याची 4 मिलिलिटरची कुपी शिरेतून देण्यासाठी बनवलेली असते. डोळ्यात त्यातले फक्त 0.05 मिलिलिटर जाते, आणि म्हणूनच एका कुपीतून अनेक मात्रा काढतात. हे विभाजन निर्जंतुक पद्धतीने झाले नाही, तर एकाच दिवशी अनेकांच्या डोळ्यांत संसर्ग होऊ शकतो. गुजरातमधील अशा घटनेनंतर जानेवारी 2016 मध्ये औषध महानियंत्रकांनी डोळ्यातील वापराविरुद्ध इशारा काढला होता. नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांशी चर्चा झाल्यावर मार्चमध्ये तो मागे घेतला गेला. त्यामुळे "मात्रा कोठे आणि कशी भरली जाते" हा प्रश्न ओसीटीइतकाच विचारण्यासारखा आहे. ओसीटीत सूज दिसते, सिरिंजमधले जंतू दिसत नाहीत.

रात्रपाळी

अनुमोदन. मी याच क्षेत्रात, चित्रण-विभागात काम करतो, म्हणून दोन व्यावहारिक गोष्टी सांगतो.

पहिली म्हणजे चित्राचा दर्जा. सिरसच्या कागदावर संकेताची तीव्रता दहापैकी छापलेली असते. ती सहापेक्षा कमी असेल तर त्या जाडीवर फारसा भरवसा ठेवू नये. मोतीबिंदू पिकलेला असेल, डोळा कोरडा पडलेला असेल किंवा रुग्णाची नजर एका जागी ठरत नसेल, तर यंत्र सीमारेषा भलतीकडे आखते. मध्यभागाचा आकडा म्हणजे मध्यबिंदूभोवतीच्या 1 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळातील सरासरी असते. नजर थोडी ढळली की ते वर्तुळच सरकते आणि शेजारची जाडी "मध्यभागाची" म्हणून छापली जाते. रंगीत नकाशाखालच्या छेदचित्रात त्या दोन रेषा पडद्याच्या कडांवरून नीट जात आहेत का, हे साध्या डोळ्यांनीही पाहता येते.

दुसरी गोष्ट वेळेची. इंजेक्शनानंतर सूज उतरते आणि औषधाचा अंमल ओसरू लागला की परत चढते. एका औषधाची ओसीटी दोन आठवड्यांनी आणि दुसऱ्याची सहा आठवड्यांनी केली, तर तुलना औषधांची होत नाही, तारखांची होते. कृष्णाकाठ, आपल्या दोन्ही तपासण्यांच्या वेळी आधीच्या इंजेक्शनाला किती आठवडे झाले होते?

कृष्णाकाठ

सांगलीची तपासणी चार आठवड्यांनी झाली होती. पुण्याला येण्याच्या गडबडीत सात आठवडे उलटून गेले होते.

रात्रपाळी

मग यंत्र वेगळे आणि अंतरही वेगळे. हे दोन आकडे एका रेषेत मांडता येणार नाहीत.

पडदानशीन

यात आणखी भर घालतो. एकाच डोळ्यात आधी एक आणि नंतर दुसरे औषध दिले की दुसऱ्याला पहिल्याच्या कामाचे श्रेयही मिळते. दरम्यान रक्तदाब आटोक्यात आला, मूत्रपिंडाचा उपचार बदलला किंवा पायोग्लिटाझोनसारखी सूज वाढवू शकणारी गोळी थांबवली, तरी पडद्याची सूज उतरू शकते. घरचे लोक मग नव्या इंजेक्शनाचे गुण गातात. खरी तुलना हवी असेल तर यादृच्छिक गट पाडलेल्या चाचण्याच पाहाव्या लागतात. एका रुग्णाची फाइल पाहून त्या रुग्णाचे पुढे काय करायचे एवढेच ठरवता येते.

जाडीच्या आकड्यापेक्षा मी छेदचित्राकडे जास्त वेळ पाहतो. पाण्याच्या पोकळ्या कोठे आहेत, पडद्याखाली पाणी आहे का, पडद्यावर ओढ धरणारे पातळ पटल चढले आहे का (असेल तर कोणतेही इंजेक्शन अपुरे पडू शकते), प्रकाशग्राही पेशींची पांढरी रेषा अखंड आहे की तुटलेली, आणि आतले थर एकमेकांपासून वेगळे ओळखू येतात की विस्कटले आहेत. शेवटच्या दोन गोष्टी बिघडलेल्या असतील, तर सूज पूर्ण उतरूनही वाचन सुधारत नाही. असे रुग्ण "आकडा तर 260 आला, मग मला दिसत का नाही" असे विचारतात, आणि त्यांना समजावणे सर्वांत कठीण असते.

निळीशाई

अशा वेळी अँजिओग्राफीचा उपयोग होतो ना? वडिलांची हाताच्या शिरेतून रंग टाकून केलेली तपासणी झाली होती. ओसीटी अँजिओग्राफी मात्र रंगाशिवाय होते, असे ऐकले आहे.

पडदानशीन

होय, आणि दोघींची कामे वेगळी आहेत. फ्लुओरेसिन टाकून केलेल्या तपासणीत कोणती केशवाहिनी गळते आहे ते दिसते. काहींना मळमळते, लघवी दिवसभर पिवळी होते आणि क्वचित तीव्र ॲलर्जी होऊ शकते. ओसीटी अँजिओग्राफी रक्तपेशींच्या हालचालीवरून वाहिन्यांचे जाळे आखते, म्हणून तिला रंग लागत नाही. परंतु गळती तिच्यात दिसत नाही. मध्यबिंदूभोवतीची रक्तवाहिनीविरहित जागा किती रुंदावली आहे, म्हणजेच पडदा उपाशी आहे का, हे तिच्यात स्पष्ट कळते. सुजेच्या पोकळ्यांमुळे वाहिन्या बाजूला ढकलल्या जातात आणि तिथे रक्तपुरवठाच नाही असा भास होतो, म्हणून सूज असताना काढलेल्या चित्रावरून घाईने निष्कर्ष काढू नये.

एडिसनवासी

फॅरिसिमॅबबद्दल कोणी लिहिले नाही. इथे आता त्याचाच बोलबाला आहे.

पडदानशीन

ते रक्तवाहिन्यांची गळती वाढवणाऱ्या दोन रेणूंना एकाच वेळी अडवते, एक व्हीईजीएफ-ए आणि दुसरा अँजिओपॉएटिन-2. योसेमिटी आणि राइन या चाचण्यांत (2022) त्याची तुलना दर आठ आठवड्यांनी दिलेल्या अफ्लिबरसेप्टशी झाली. दृष्टीत ते कमी पडले नाही, जाडी उतरवण्यात थोडे पुढेच राहिले, आणि गरजेनुसार अंतर वाढवत नेलेल्या गटातील निम्म्याहून अधिक रुग्ण वर्षाअखेरीस 16 आठवड्यांच्या अंतरावर पोहोचले. पुन्हा तेच पाहा : चित्रात आघाडी, तक्त्यावर बरोबरी. मात्र दवाखान्याच्या फेऱ्या कमी होणे हा फायदा ज्येष्ठ रुग्णासाठी लहान नाही, आणि हिशेबनीस यांना खर्चाच्या बाजूने हा मुद्दा आवडायला हवा.

हिशेबनीस

आवडला. प्रतिमात्रा किंमत पाहण्यापेक्षा वर्षाचा हिशेब पाहावा, प्रवासखर्च आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली रजा धरून, असेच माझे म्हणणे आहे.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल दोन्ही कागद घेऊन पुण्याच्या डॉक्टरांकडे गेले आणि यंत्राचा व आठवड्यांचा मुद्दा मांडला. त्यांनी लगेच मान्य केले की 402 ही वाढ म्हणता येणार नाही. औषध बदलण्याचे मत मात्र त्यांनी कायम ठेवले. त्यांचे कारण असे की सुरुवातीची इंजेक्शने वेळच्या वेळी पूर्ण होऊनही दृष्टी 6/18 वर अडली आहे आणि छेदचित्रात मध्यभागी पोकळ्या स्पष्ट शिल्लक आहेत. प्रकाशग्राही पेशींची रेषा अखंड आहे, म्हणजे सुधारणेला वाव आहे, असेही त्यांनी संगणकावरच्या चित्रावर बोट ठेवून दाखवले. पुढच्या सर्व ओसीटी त्यांच्याच यंत्रावर आणि इंजेक्शनानंतर चौथ्या आठवड्यात करायच्या ठरल्या आहेत. सांगलीच्या डॉक्टरांशी ते फोनवर बोलले आणि त्यांचीही हरकत नाही. निकाल आपलाच खरा ठरला म्हणून भाऊ खुशीत आहे. कारण वेगळे आहे, हे त्याला सांगून पाहिले.

एकच शंका उरली आहे. डाव्या डोळ्यातही थोडी सूज निघाली आहे, पण त्या डोळ्याची दृष्टी 6/6 आहे. त्यालाही आत्ताच इंजेक्शन सुरू करावे का?

पडदानशीन

याच प्रश्नावर डीआरसीआरची "प्रोटोकॉल व्ही" (2019) ही चाचणी झाली होती. मध्यभागी सूज आहे, पण दृष्टी 20/25 (म्हणजे 6/7.5) किंवा त्याहून चांगली आहे, अशा डोळ्यांना तत्काळ अफ्लिबरसेप्ट, आधी लेसर किंवा आधी केवळ निरीक्षण, अशा तीन गटांत ठेवले. पाच किंवा अधिक अक्षरे गमावणाऱ्यांचे प्रमाण दोन वर्षांनी अनुक्रमे 16, 17 आणि 19 टक्के होते, म्हणजे लक्षणीय फरक नव्हता. निरीक्षणाच्या गटातील 34 टक्के डोळ्यांना पुढे इंजेक्शन लागले, आणि ते वेळेत मिळाले, कारण ते ठरलेल्या तारखांना तपासणीला येत होते.

तेव्हा डाव्या डोळ्यासाठी थांबता येईल, पण तारीख चुकवून चालणार नाही. उजव्या डोळ्याच्या प्रत्येक भेटीत डाव्याचीही ओसीटी आणि तक्ता-तपासणी करून घ्या, दोन्ही नोंदी एकाच फाइलमध्ये ठेवा, आणि घरी अधूनमधून उजवा डोळा झाकून डाव्याने वर्तमानपत्र वाचायला सांगा. ओळी वाकड्या दिसू लागल्या किंवा अक्षरे पुसट झाली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

रात्रपाळी

आणि छापील कागदावर विसंबू नका. काही वर्षांत त्याची शाई उडते. तपासणीची मूळ चित्रे पेनड्राइव्हवर किंवा ईमेलने मागून घ्या. बहुतेक ठिकाणी देतात, फक्त मागावी लागतात.